रकान्यातली रेघ

रंग फसवतो, असे काशीनाथ तात्यांचे ठाम मत होते; आणि त्या सकाळी आपला ओला पंचा माझ्या पुतणीच्या डोळ्यांवर बांधून ते मत सिद्ध करायला त्यांनी घेतले होते.

नवघर भागात आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून तात्यांचे जुने बैठे घर आहे. भोवताली मजल्यांवर मजले उगवत गेले आणि तात्यांचे अंगण, विहिरीच्या तळाशी थोडे पाणी उरावे तसे, खाली उरले. दिवसातून दोन तास तिथे ऊन उतरते. एक शेवगा, पत्र्याचे खुराडे, सात कोंबड्या आणि स्वतः तात्या, एवढाच त्या अंगणाचा संसार. आठवीत शिकणारी माझी ही पुतणी, संघप्रिया, जेवायला-झोपायला आमच्या घरी येते. राहते ती तिथेच.

"दिसतंय काय?" तात्यांनी विचारले.

"काहीच नाही. पंच्याला माशांचा वास येतोय, तात्या."

"मग बराबर बांधलाय. आता एकेक कोंबरी धर. रंग बगू नको, पिसां बगू नको. बोटां सांगतान ते आयक."

निवड चार तलंगांमधून करायची होती. तलंग म्हणजे अजून अंडे न घातलेली, वयात येऊ लागलेली कोंबडी. जानेवारीत मीरा रोडला मुलांसाठी कोंबड्यांचे प्रदर्शन भरणार होते आणि त्याचा नियम साधा होता: एका मुलाचा एकच पक्षी, तो त्याने स्वतः निवडलेला आणि निदान दोन महिने स्वतः सांभाळलेला असावा.

मी शेवग्याखालच्या दगडावर बसलो होतो. खरे तर निवड मी मनातल्या मनात केव्हाच करून टाकली होती. चौघींत एक काळी होती. नुसती काळी नव्हे. ऊन पडले की तिच्या पिसांतून हिरवी झाक सरकत जाई आणि मान वळली की जांभळी होई. एवढा अंधार एवढ्या लहान देहात मावतो कसा, असे मला तिच्याकडे बघताना वाटे.

"संघू, काळीच घे," मी न राहवून म्हणालो. "तिच्यासारखी दुसरी नाही."

"काका, तू कवितेतली कोंबडी निवडतोयस," पंच्याआडून उत्तर आले. "मला पिंजऱ्यातली पाहिजे."

हाटकेश भागातल्या शिकवणी वर्गात मुलांना मराठी शिकवणाऱ्या माणसाला असे गप्प करणे तिला लहानपणापासून जमते.

तात्या एकेक पक्षी तिच्या हातात देत होते. ती डाव्या तळव्यावर कोंबडीची छाती तोलून धरी आणि उजव्या अंगठ्याने छातीच्या मधल्या हाडावरून सावकाश पुढून मागे जाई. ते हाड सरळ हवे. कुठे वळले, खचले की पक्षी बाद. मग पंखाखालची उष्णता, मग पायांचे खवले, मग पोटाकडचा भरीवपणा. पहिली तिने लगेच परत दिली. दुसरीचे हाड तिला दोनदा तपासावेसे वाटले. तिसरी हातात येताच तिचे ओठ किंचित उघडले आणि तसेच राहिले. चौथीही तिने नीट पाहिली, म्हणजे हातांनी पाहिली, आणि मग म्हणाली, "तिसरी द्या परत."

तात्यांनी दिली. ती बराच वेळ तिला नुसती धरून उभी होती.

"हीच."

तिने पंचा वर सरकवला. हातात काळी होती.

मी आनंदाने उठलो. तिचा चेहरा मात्र पडला. "शी! आता सगळे म्हणणार, काकाने सांगितली म्हणून घेतली."

"म्हनू दे," तात्या म्हणाले. "हात तुजा व्हता."

तिच्या त्या पडलेल्या चेहऱ्याचा अर्थ मला संध्याकाळी कळला. आमच्या घरात प्रेमाची कमतरता नाही, पण सगळे प्रेम आधीच ठरवून ठेवलेले असते. शाळा दादाने निवडली, शिकवणी वहिनीने निवडली, दहावीनंतरची विज्ञान शाखा दोघांनी मिळून निवडली आहे, केसांची लांबीसुद्धा सर्वानुमते ठरते. ही कोंबडी म्हणजे तिची पहिली स्वतंत्र निवड होती. "मला नंबर नकोय, काका," ती म्हणाली. "कुणीतरी जाणकार माणसाने तिला हातात घेऊन एवढंच सांगायला पाहिजे, की बरोबर धरलीस. आणि चुकली असेल तर चुकली. पण माझी मी."

कोंबडीचे नाव तिने शाई ठेवले.

शाईच्या कुळाची कथा तात्यांनी सांगितली ती अशी. त्यांची एक गावठी कोंबडी खुडूक होऊन बसली, तेव्हा तिच्याखाली त्यांनी पाच अंडी घरची ठेवली आणि चार वसईहून आणलेली; विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे ती कडकनाथची. नऊपैकी सात फुटली. "कंची कंच्या अंड्यातली, ते वर बसलेलीला ठाव न्हाय, मना काय ठाव?" पण काळा रंग बघून आमच्या इमारतीने निकाल लावून टाकला. वॉचमनपासून तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती आजींपर्यंत सगळे तिला कडकनाथच म्हणू लागले, आणि मीही.

प्रदर्शनाचा अर्ज दादाने भरला. कागदपत्रे हा दादाचा प्रांत आहे. धम्मदीप हनवते हे नाव विमा कार्यालयात ज्या कारणासाठी ओळखले जाते, ते कारण म्हणजे त्याने भरलेल्या कागदात आजवर खाडाखोड सापडलेली नाही. तो टेबल पुसतो, चष्मा पुसतो, शेजारी स्टीलची पट्टी ठेवतो आणि मग पेनाचे टोपण काढतो. नाव. वय. पत्ता. रंग. आणि त्यापुढचा रकाना: जात.

दादाने पट्टी लावली आणि त्या रकान्यात एक आडवी, काळी, निर्दोष रेघ ओढली.

ही रेघ आमच्या घरात सर्वांच्या ओळखीची आहे. परभणीजवळच्या आमच्या गावी दादा चौथीत असताना, कसलीशी यादी करायची म्हणून, गुरुजींनी एकेका मुलाला उभे करून मोठ्याने जात विचारली होती. दादा उभा राहिला, उत्तर दिले, आणि खाली बसला. त्या गोष्टीला आता अडतीस वर्षे झाली. पण तो पुरता खाली बसलेला नाही, असे मला पुष्कळदा वाटते. तेव्हापासून त्याचा नियम आहे. कायद्याने जिथे विचारायचे तिथे तो प्रमाणपत्राच्या क्रमांकासह, मान ताठ ठेवून लिहितो. नुसत्या उत्सुकतेपोटी कुणी विचारले, तर पट्टी आणि रेघ. भाड्याच्या करारावर रेघ, वाचनालयाच्या अर्जावर रेघ. माझ्या लग्नासाठी एका विवाहमंडळात नाव नोंदवायचे ठरले, तेव्हा तो अर्जही त्यानेच भरला आणि मंडळाने तो तसाच परत पाठवला. "म्हणून भाऊजी अजून मोकळे आहेत," असे राजश्री वहिनी पाहुण्यांना सांगते.

कोंबडीच्या अर्जावरची ती रेघ वहिनीने पाहिली आणि सही केली. मी तो अर्ज दोनदा वाचला. छापील 'कुक्कूट' मधला दुसरा ऊकार चुकला आहे, हे दादाच्या नजरेस आणून दिले आणि धन्य झालो. संघप्रियाने मात्र त्या रेघेकडे जरा वेळ पाहिले, मग बापाकडे पाहिले, आणि अर्जाची घडी घालून पाकिटात ठेवली.

मग दोन महिने शाईचे राज्य आले. पिंजऱ्यात शांत उभे राहायची सवय लागावी म्हणून संघप्रिया रोज शाळेतून आल्यावर तिला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवी आणि हात इतक्या सावकाश आत नेई की हात येतो आहे हे हातालाही कळू नये. प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी कोमट पाण्याने, लहान मुलांच्या शाम्पूने तिला अंघोळ घातली, केस वाळवायच्या यंत्राने वाळवली, पायांच्या खवल्यांना आणि तुऱ्याला खोबरेल तेल चोळले. शाई डोळे अर्धे मिटून हे सारे करवून घेत होती.

"माझ्या लग्नात मला एवढं कुणी नटवलं नव्हतं," वहिनी म्हणाली.

"तुझ्या तुऱ्याला कोण तेल लावणार?" दादा म्हणाला, आणि एवढा मोठा विनोद आपल्याकडून घडला याचे त्यालाच आश्चर्य वाटून चहा घेऊन खिडकीशी गेला. दादाचे कोंबड्यांशी नाते खिडकीपुरते होते. तो गजांआडून अंगणात बघे, वजन किती झाले विचारी, आणि उत्तराने समाधान पावे. दोन महिन्यांत त्याने शाईला एकदाही हात लावला नव्हता.

प्रदर्शन मीरा रोडच्या एका शाळेच्या मैदानावर होते. मांडवाखाली पिंजऱ्यांच्या रांगा, भुशाचा कोरडा वास, आणि आरवण्याचा असा गोंधळ, की जणू पहाट मांडवात अडकली होती आणि तिला बाहेरची वाट सापडत नव्हती. शाईला सत्तेचाळीस नंबरचा पिंजरा मिळाला. संघप्रिया तिच्या पायाचा भुसा तिसऱ्यांदा पुसत होती, तेव्हा कर्णा खरखरला.

"पिंजरा नंबर सत्तेचाळीस! हनवते! संघप्रिया धम्मदीप हनवते यांच्या पालकांनी टेबलवर यावं. तुमची जात लिहायची राहिलेली आहे. रिपीट करतो. हनवते, जात लिहायची राहिलेली आहे."

मी दादाकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याहून जुने काहीतरी होते. त्याने शर्टाची बाही सारखी केली आणि चालू लागला. मी मागोमाग गेलो.

टेबलाशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला जितेंद्र नावाचा एक तरुण बसला होता. मघाची घोषणा त्याचीच.

"या सर. जात सांगा पटकन, जज निघालेत."

"कशाला हवी?" दादाने विचारले. त्याचा आवाज खाली गेला होता. आमच्या घरात चढलेल्या आवाजाला कुणी भीत नाही, उतरलेल्या आवाजाला भितात.

"म्हणजे? त्याच्याशिवाय गट कसा ठरणार, सर?"

"मुलांच्या कार्यक्रमात गट जातीवर पाडता?"

"मग कशावर पाडणार?" जितेंद्र खरोखरच गोंधळला. "सगळीकडे तसंच असतं ना, सर. शुद्ध वेगळे, मिश्र वेगळे. एका लाइनीत कसे ठेवणार?"

रांगेतली माणसे वळून बघू लागली. दादाने टेबलावर दोन्ही तळवे टेकवले. मी पुढे व्हायला हवे होते. काही बोलायला हवे होते. भाषेच्या पदव्या मी मिळवल्या होत्या. पण माझ्याही कानांत तो एकच शब्द गरम होऊन बसला होता आणि त्याला दुसरा अर्थ असू शकतो, हे मला सुचत नव्हते.

तेवढ्यात माझ्या कोपराखालून संघप्रिया पुढे आली. शाई तिच्या काखेत होती.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "कोंबडीची."

दादाने तिच्याकडे पाहिले. मग कोंबडीकडे. मग अर्जाकडे. रकान्यात त्याची रेघ, पट्टीने ओढलेली, खाडाखोड नसलेली.

हसू त्याच्या नाकातून सुरू झाले. मग ते खांद्यांत उतरले. चष्मा काढून तो टेबलाच्या कडेला टेकला आणि हसत राहिला; डोळ्यांतून पाणी आले, तरी हसत राहिला. त्याला असे हसताना मी लहानपणीही पाहिल्याचे आठवत नाही. जितेंद्र आधी कारण न कळता हसला. मग कारण कळले आणि कानांपर्यंत लाल झाला.

"सर, सॉरी हां… मी तसं नव्हतं… माइकवर पण…"

"नाही हो, तुमचं काही नाही," दादा डोळे पुसत म्हणाला. "हे माझंच आहे. जुनं."

"मग कडकनाथ लिहू ना? बघूनच कळतंय." अपराध धुऊन काढायची संधी जितेंद्रने सोडली नाही. तो पुढे वाकला. "आणि सर, कडकनाथमध्ये दोनच एंट्री आल्यात. बक्षिसं तीन. तुमचा नंबर आलाच समजा. मिश्रमध्ये एकोणीस आहेत."

दादाने त्याच्या हातातून पेन घेतले.

त्या क्षणी मला त्याच्याविषयी जी माया वाटली, ती सांगता येणार नाही. अडतीस वर्षे ज्या रकान्यासमोर त्याने पट्टी उचलली, त्यात तो पहिल्यांदाच आपण होऊन काही लिहायला निघाला होता. आणि तेही मुलीच्या दोन महिन्यांचे चीज व्हावे म्हणून. पेनाचे टोक रेघेच्या वर टेकले.

"थांबा," संघप्रिया म्हणाली.

तिने शाईला टेबलावर ठेवले, अंगठ्याने चोच अलगद उघडली आणि तोंड उजेडाकडे केले. "अस्सल कडकनाथची जीभ पूर्ण काळी असते. ही बघा."

आम्ही तिघेही वाकून बघू लागलो. शाईची जीभ मुळाशी काळपट होती. पण टोकाला, भाताच्या दाण्याएवढ्या जागेत, स्वच्छ गुलाबी.

"पण कोण एवढं बघतंय…" जितेंद्र पुटपुटला.

"मी बघितलंय," ती म्हणाली.

"तुला कधीपासून माहीत होतं?" दादाने विचारले.

"तात्यांकडे धरली त्याच आठवड्यापासून."

"मग मी रेघ मारली, तेव्हा बोलली का नाहीस? अगं, चूक होती ती माझी."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे." तिच्या आवाजात निखळ आश्चर्य होते. "ती कुठल्या अंड्यातली ते कुणालाच माहीत नाही. मग रेघ बरोबरच होती ना, पप्पा?"

दादाने पेनाचे टोपण लावले, पेन जितेंद्रच्या पुढ्यात सरळ ठेवले आणि म्हणाला, "असू द्या मग. रेघ आहे तशीच असू द्या."

"म्हणजे मिश्र?"

"मिश्र."

परीक्षक म्हणून आलेल्या डॉ. वैजयंता या पिकलेल्या केसांच्या, झपझप चालणाऱ्या पशुवैद्य होत्या. एकेका पिंजऱ्याशी त्या मिनिटभरसुद्धा थांबत नव्हत्या. तुरा, डोळे, पंख पसरून एक नजर, पिसांच्या मुळाशी उवा आहेत का ते बघणे, आणि पुढे. संघप्रिया पिंजऱ्याशेजारी शाळेच्या प्रार्थनेला उभी राहावी तशी उभी होती.

डॉक्टरांनी शाईला बाहेर काढले. डाव्या तळव्यावर छाती तोलली. उजवा अंगठा हाडावर ठेवला.

आणि डोळे मिटले.

संघप्रियाने माझे मनगट इतके जोरात धरले की नखे रुतली. "काका, बघ. काका, त्या पण…"

डॉक्टरांचा अंगठा पुढून मागे गेला, एकदाच, न अडखळता. त्यांनी डोळे उघडले.

"कुणी निवडली ही?"

"मी."

"काय बघून?"

"काही बघितलं नाही. डोळे बांधले होते."

डॉक्टरांचे हात थांबले. त्यांनी पहिल्यांदाच पक्ष्यावरून नजर काढून मुलीकडे नीट पाहिले. "कुणी शिकवलं?"

"काशीनाथ तात्यांनी. पण धरली मी."

"हं," डॉक्टर म्हणाल्या. "बरोबर धरलीस."

एवढेच. त्यानंतर त्यांनी शाईचा डावा पाय उचलून मधल्या बोटाकडे बोट दाखवले. ते टोकाशी किंचित आत वळले होते. "हे मात्र सुटलं तुझ्या हातून. इथे गुण जाणार." आणि त्या अठ्ठेचाळीस नंबरकडे गेल्यासुद्धा.

शाईचा विसांत तिसरा क्रमांक आला. गुणपत्रिकेवर जातीच्या रकान्यात डॉक्टरांनी, पट्टी न लावता, वेगळ्या निळ्या शाईत, आपली एक छोटी रेघ ओढली होती. दादाने ती पत्रिका घडी न घालता खिशात ठेवायचा प्रयत्न केला, ती मावेना, तेव्हा हातातच धरली.

परतताना रिक्षात शाईचे डालगे दादाच्या मांडीवर आले, कारण माझ्या मांडीवर दाणापाण्याची पिशवी होती. संघप्रिया मधे बसली होती आणि तिसऱ्या क्रमांकाविषयी एक अक्षर बोलत नव्हती.

"बोट कसं सुटलं रे काका? पाय तर मी चाचपले होते. खवले बघितले, नखं बघितली. टोकाशी थांबलेच नाही मी. तात्यांना पण नाही कळलं. आज गेल्या गेल्या सगळ्यांचे पाय बघते."

"कडकनाथ है क्या, साब?" रिक्षावाल्याने आरशातून विचारले.

"पता नहीं," दादा म्हणाला. आणि हे दोन शब्द त्याने इतक्या चवीने उच्चारले, की तो अजून काही सांगेल म्हणून रिक्षावाला वाट पाहत राहिला.

नवघरच्या वळणावर गर्दीत रिक्षा अडकली. दादाने डालग्याचे तोंड थोडे बाजूला केले, आत वाकून पाहिले, आणि घसा साफ केला.

"ते हाड," त्याने विचारले, "नेमकं कुठे लागतं?"

संघप्रियाने त्याचा हात धरून आत नेला. विम्याच्या कागदांवरून पंचवीस वर्षे फिरलेली ती बोटे काळ्या पिसांत शिरली आणि बिचकून थांबली.

"असं नाही, पप्पा," ती म्हणाली. "आधी डोळे मिटा."

भोवताली भोंगे वाजत होते. दादाने डोळे मिटले.